करीना, कुळकथा आणि कादंबरी

मराठी कादंबरीचा इतिहास लिहिताना अभ्यासक आरंभीच दोन वाटा वेगळ्या करतात : एक बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ची (१८५७), जिच्यात विधवांची दैना दिसली तशी मांडण्याचा, म्हणजे वास्तववादाचा, आग्रह आहे, दुसरी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाले’पासून (१८६१) निघालेली, अद्भुतरम्य कथेची, जिच्यात ताटातूट, संकटे आणि अवचित भेटी ओलांडून नायक-नायिका सुखाला लागतात. ‘मंजुघोषा’ (१८६८) लिहिणाऱ्या नारो सदाशिव रिसबुडांनी प्रस्तावनेत दुसऱ्या वाटेची बाजू घेतली : आपल्याकडील लग्नाच्या चाली आणि साहसाची नावड पाहता, घडते तेच लिहिले तर त्यात वाचकाचे मन रमण्यासारखे काही सापडणार नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यासारख्या मुलुखातील जुनी लेखनपरंपरा पाहिली तर हे म्हणणे फार वेळ टिकत नाही.

निजामशाही (१४९०–१६३६), मोगलाई आणि पेशवाई अशा राजवटी या भागावरून गेल्या, तरी पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे अधिकार आणि त्यांना जोडलेल्या जमिनी व मानपान, साऱ्या मराठी मुलुखाप्रमाणे इथेही टिकून राहिली. वतनाचा तंटा उभा राहिला की प्रत्येक वादी आपल्या घराण्याची हकिकत पंचांपुढे लिहून देई. तिला करीना म्हणत. मूळ पुरुष कोण, गाव कोणी वसवले, दुष्काळात कोण परागंदा झाला, भाऊबंदकीत कोणाचा खून पडला, हे सगळे त्यात येई, आणि अखेर गोतसभा, म्हणजे गावकरी व भाऊबंद यांची सभा, आपला निवाडा महजर नावाच्या कागदात नोंदवी, ज्यावर कुणबी नांगराची निशाणी करत. पुराव्याने काम भागले नाही तर दिव्य होई : वादीने तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग तो हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची, आणि ठरल्या दिवशी पिशवी सोडून कातडी भाजली की नाही ते पाहायचे. आजच्या वाचकाला अद्भुत वाटणारा हा प्रसंग कारकून सारावसुलीच्या आकड्यांइतक्याच कोरडेपणाने नोंदवतो. रिसबुडांना जे साहस आपल्या लोकांत दिसले नाही ते असे दप्तरात बांधून ठेवलेले होते. कादंबरी वाचणाऱ्या नव्या शहरी वर्गाची तिकडे नजर गेली नव्हती, इतकेच.

तत्त्वचिंतन आणि डोळ्यांदेखतच्या गोष्टी एकत्र नांदवणारे दीर्घ लेखन तर या जिल्ह्याच्या ओळखीचे फार आधीपासून आहे. प्रवरेकाठी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी झाली. आणि त्याच शतकात सराळ्याच्या म्हाइंभटाने महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाल्यावर अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, आणि एकाच प्रसंगाविषयी दोघांची आठवण जुळेना तेव्हा कोणाचा पाठ कोणता हे नावानिशी पोथीत टिपून ठेवले. हिराइसेचा पाठ त्यांपैकी प्रसिद्ध आहे. खरे काय घडले याविषयीची इतकी सावध आस्था पुढच्या मराठी गद्यात सहसा आढळत नाही.

या पार्श्वभूमीवर रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) ही कादंबरी वाचली पाहिजे. पठारे यांचा जन्म १९५० साली पारनेर तालुक्यातील जवळे येथे झाला, संगमनेरच्या महाविद्यालयात त्यांनी पदार्थविज्ञान शिकवले, आणि हे पुस्तकही याच जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या शब्दालय प्रकाशनाने काढले. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’त (१९१५) पात्रे समोरासमोर बसून वाद घालतात आणि कथानक त्यांची वाट पाहत थांबते, ‘सातपाटील’मध्ये मात्र कुळ म्हणजे काय आणि जात कुठून सुरू होते हे प्रश्न, निवेदक देवगिरीच्या यादवांच्या पडत्या काळापर्यंत मागे जात पूर्वज शोधतो, त्या शोधातूनच उठतात. विसाव्या शतकाचे कागद मुबलक मिळतात. चौदाव्या शतकातील साध्या शिपायाविषयी काहीच मिळत नाही, आणि ती पोकळी निवेदकाला कल्पनेने भरावी लागते. याच लेखकाच्या, साहित्य अकादमी पुरस्कार (१९९९) मिळालेल्या ‘ताम्रपट’ (१९९४) या कादंबरीत, बेचाळीसची चळवळ आणि त्यानंतरचे राजकारण माणसांच्या आठवणीत जिवंत असल्यामुळे, अशा कल्पनेला वाव कमी होता. तेव्हा अद्भुतरम्यता ही वास्तववादाची वैरीण आहे हे ठरीव मत इथे लागू पडत नाही. नोंद संपते तिथून ती सुरू होते, आणि नोंद कोणाची ठेवली गेली हा प्रश्न तिच्यामागे उभा राहतो.

करीन्यांत आणि वंशावळींत हा प्रश्न सर्वांत ठळक दिसतो तो बायकांच्या बाबतीत. बाप, मुलगा, नातू अशी ओळ सरळ खाली उतरते. सुना कोणत्या गावाहून आल्या आणि लेकी कुठे दिल्या याचा पत्ता क्वचितच लागतो. कुळाची कथा सांगणाऱ्या कादंबरीकाराला ही अर्धी माणसे आणि त्यांची लग्ने बहुतांशी मनानेच उभी करावी लागतात. आणि लग्नाच्या चालींमुळेच आपल्याकडे कथेला विषय उरत नाही, अशी रिसबुडांची तक्रार होती.