करवीरची पाटील शाळा

शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीचे वर्णन करताना आपले चरित्रकार वसतिगृहे, राधानगरीचे धरण, खासबागेचे मैदान आणि रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा तो जाहीरनामा यांविषयी विस्ताराने लिहितात, आणि ते सर्वथा योग्यच आहे. परंतु १९११ सालच्या दिल्ली दरबाराचे स्मारक म्हणून कोल्हापुरात निघालेल्या पाटील शाळेचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपला जातो. दरबाराचे स्मारक म्हणून पुतळा उभारता आला असता, एखादा दिवाणखाना बांधता आला असता. तसे न करता गावोगावच्या पाटलांना त्यांचे काम शिकविणारी शाळा काढावी, या निवडीतच महाराजांच्या राजनीतीचे एक अंग असे प्रकट होते, की त्यावर थोडे थांबून विचार करावा असे मला मनापासून वाटते. अधिकार वारसाहक्काने आला असला, तरी तो चालविण्याची पात्रता वारशाने येत नाही, ती शिकावी लागते, हे तत्त्व या संस्थानात प्रथम अमलात आले ते कोणा वरिष्ठ अंमलदाराच्या बाबतीत नव्हे, तर चावडीवर बसणाऱ्या गावकामगाराच्या बाबतीत.

पाटील म्हणजे केवळ वसूल गोळा करणारा मनुष्य अशी आज पुष्कळांची समजूत झालेली असते. वस्तुतः गावच्या बंदोबस्ताची सर्व जबाबदारी परंपरेने त्याच्याच शिरावर होती. गावात परका मनुष्य आला तर त्याची विचारपूस करणे, चोरीचा माग निघाल्यास तो आपल्या शिवेबाहेर नेऊन पोहोचविणे, तंटा विकोपास जाण्यापूर्वी पंच बसविणे, खून अथवा अकस्मात मृत्यू झाल्यास ठाण्याला वर्दी देणे ही सारी कामे त्याची; आणि त्याच्या हाताखाली महार, तराळ, रामोशी किंवा बेरड असा गावनोकरांचा परिवार. मुंबई इलाख्यात १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने या जुन्या व्यवस्थेला लेखी रूप मिळाले. संशयास्पद मृत्यू घडताच शेजारपाजारची दोन किंवा अधिक समजूतदार माणसे जमवून मृत्यूच्या कारणाची चौकशी करावी व तिचा अहवाल वर पाठवावा, असे त्या कायद्याने पाटलाला फर्माविले, आणि किरकोळ मारामारीच्या वा शिवीगाळीच्या प्रकरणी गुन्हेगाराला चावडीत चोवीस तासांपर्यंत अडकवून ठेवण्याची मुभाही दिली. ब्रिटिश मुलखातील कायद्यांचे वळण करवीर दरबारनेही पुष्कळ अंशी स्वीकारले होते. म्हणजे ज्याने कधी शाळेचे तोंड पाहिले नाही अशा शेतकऱ्याच्या हाती दुसऱ्याचे स्वातंत्र्य काही काळ हिरावून घेण्याचा अधिकार होता, आणि मृतदेहाजवळ बसून मृत्यूची कारणमीमांसा करण्याचे कर्तव्यही होते.

या ठिकाणी कुलकर्ण्याचे प्रकरण येते. जुन्या कागदांवर पाटलाची सही म्हणून ‘निशाणी नांगर’ उमटलेली असते. वरचा सगळा मजकूर कुलकर्ण्याच्या हातचा. गावातील पंचनामा काय सांगणार, जबाबात कोणते वाक्य येणार आणि कोणते गळणार, कोणाची फिर्याद वर जाणार आणि कोणाची चावडीतच विरणार, हे नांगर उमटविणाऱ्याच्या नव्हे, तर लेखणी धरणाऱ्याच्या हाती राहिले. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून निरक्षर कुणब्याच्या लुबाडणुकीकडे जे लक्ष वेधले, त्याचा एक कोपरा गावच्या या फौजदारी कामकाजातही होता. सत्यशोधक विचाराशी इतका निकटचा संबंध आलेल्या राजाला पाटलाच्या शिक्षणाची तळमळ लागावी, याचे कारण मला येथे सापडते. पाटील साक्षर झाला तर तो वसुलाचे आकडे वाचील हे खरेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्या कागदावर एखाद्याला तुरुंगात पाठविले जाणार तो कागद तो स्वतः वाचू शकेल.

कोल्हापुराला शस्त्रधारी गावनोकरांची मोठी परंपरा होती, आणि तिचा शेवट कसा झाला हेही ध्यानात घेतले पाहिजे. पन्हाळा, सामानगड, भुदरगड या किल्ल्यांवरील गडकरी हे पिढ्यान्‌पिढ्या इनाम जमिनी खाऊन किल्ल्यांचे रक्षण करीत आले होते. दाजी कृष्ण पंडिताच्या कारभारात त्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपविण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १८४४ साली सामानगडाहून गडकऱ्यांचे बंड उठले. ते मोडले गेले, किल्ल्यांची तटबंदी पाडली गेली, संस्थानचा कारभार प्रत्यक्षात ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाती गेला आणि रक्षणाचे काम कवायती फलटणींकडे व पगारी शिपायांकडे वळले. पुढे ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७ व्या पलटणीने बंड केले, त्यानंतर तर हत्यार बाळगणाऱ्या प्रत्येक जुन्या वतनदाराकडे सरकार संशयाने पाहू लागले. जे वतनदार बंदोबस्ताचे काम करण्यासाठी उरले, ते पाटील व त्यांचे गावनोकर. आणि त्यांना कोणी काही शिकवीत नव्हते.

शिकविण्याची गरज सरकारला उशिरा पटली. १९०२ मध्ये सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पोलीस कमिशनने हिंदुस्थानातील पोलिसांच्या अज्ञानावर, अपुऱ्या पगारावर आणि कबुलीजबाब उकळण्याच्या सवयीवर जी कठोर टीका केली, तिच्यातून प्रांतोप्रांती प्रशिक्षणशाळा निघाल्या. आपल्या इलाख्यातील शाळा १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्यास सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. (हे फ्रेझर निराळे, आणि शाहू महाराजांचे शिक्षक स्टुअर्ट फ्रेझर निराळे, आडनावामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) त्याच कमिशनने गावपातळीवरील यंत्रणा जोपासावी, गावच्या मुखियाची जबाबदारी वाढवावी, असेही आग्रहाने सांगितले होते. नाशिकच्या शाळेने फौजदार घडविले. गावच्या मुखियाला घडविण्याचे काम मात्र कागदावर राहिले, आणि करवीर दरबारने ते हाती घेतले, म्हणूनच पाटील शाळेचे महत्त्व माझ्या दृष्टीने एका संस्थानापुरते मर्यादित नाही. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली शहराचा पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर याने आपल्या शिपायांसाठी शाळा काढली, आणि पोलिसाने महाविद्यालयात सामान्य विद्यार्थ्यांबरोबर बसून शिकावे या त्याच्या आग्रहातून पुढे १९३० साली सॅन होजेच्या सरकारी महाविद्यालयात पोलीस शिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. आज त्या देशात गावोगावची सामुदायिक महाविद्यालये असे वर्ग चालवितात. व्होल्मर आणि शाहू महाराज एकमेकांस ओळखत असण्याचे काही कारण नाही. तथापि बंदोबस्ताचे शिक्षण छावणीतून उचलून विद्यालयात आणावे हा विचार पृथ्वीच्या दोन टोकांना जवळजवळ एकाच वेळी सुचला, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

पाटलाने काय शिकावे, हे त्याच्या कामावरूनच ठरत होते. पंचनामा जागेवर बसून लिहावा, घरी जाऊन आठवणीने नव्हे. जे दिसले ते लिहावे, जे ऐकले ते निराळे मांडावे. मुद्देमालाची यादी पंचांसमक्ष करून मोहोर लावावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे पोलीस अंमलदारापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, तेव्हा ती मिळविण्यासाठी कोणाच्या अंगाला हात लावू नये. ज्या प्रदेशात ‘कबूल केले की काम संपले’ अशीच समजूत होती, तेथे हा शेवटचा धडा किती अवघड होता, हे शिकविणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय करवीर इलाख्याची रचना अशी गुंतागुंतीची, की करवीर, पन्हाळा, आळते, शिरोळ, गडहिंग्लज, भुदरगड हे खालशाचे पेटे आणि त्यांच्या मधूनमधून विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी यांसारख्या जहागिऱ्या. चोराने एक ओढा ओलांडला की तो दुसऱ्या अंमलात जाई. अशा मुलखात आपली हद्द कोठे संपते आणि वर्दी कोणाकडे द्यावयाची, हे ज्ञान पाटलाला कायद्याच्या कलमांइतकेच आवश्यक होते.

१९१८ साल या कथेत विशेष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी महाराजांनी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, तलाठ्यांच्या शिक्षणाची सोय केली आणि त्यात अस्पृश्य उमेदवारांनाही जागा दिली. महार वतनातील वेठीची बंधने तोडली. आणि महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या लोकांना गावच्या चावडीवर रोज द्यावी लागणारी हजेरी बंद केली. या हजेरीविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले होते, आणि रोजची ती हजेरी घेणारा मनुष्य पाटीलच असे. सायंकाळी गावाबाहेरची माणसे चावडीपुढे उभी करून त्यांची नावे पुकारणे, हेच ज्याच्या बंदोबस्ताचे मुख्य साधन, त्या पाटलाला माग कसा काढावा, साक्ष कशी तपासावी, हे शिकण्याची निकड कशी भासणार? हजेरी उठविल्यावर मात्र त्याला अन्य विद्या शिकणे भागच पडले. महाराजांनी फासेपारध्यांना जवळ करून त्यांच्याकडे पहाऱ्याचे काम सोपविले, त्यामागेही हीच दृष्टी होती. संशयिताला रखवालदार करण्याचे धैर्य दाखविणारे राज्यकर्ते त्या काळी फार थोडे होते. देशात गुन्हेगार जमाती कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

पाटील शाळेची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पाटीलकी वतनीच राहिली. कुलकर्ण्याचे वतन गेले, पाटलाचे गेले नाही. त्यामुळे शिकलेला परंतु वतन नसलेला गावातील हुशार तरुण पाटील होऊ शकत नव्हता आणि शिकण्यास नाखूष असा वतनदाराचा मुलगा पाटील होतच होता. १९२२ च्या मे महिन्यात महाराज निवर्तले. त्यांना आणखी दहा वर्षांचे आयुष्य लाभले असते, तर पाटलाचे हे पदही पगारी झाले असते की नाही, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. दुसरी मर्यादा अधिक खोल होती. कायदा कोणाचा, हा प्रश्न कोणत्याही प्रशिक्षणशाळेला टाळता येत नाही. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी चाल केली आणि पोलिसांच्या गोळीबारात सात जण धारातीर्थी पडले, तेव्हा भुदरगडच्या गावांतून वर्दी देणाऱ्या पाटलाला कर्तव्य आणि देशभक्ती यांच्यात जे ओढले जावे लागले असेल, त्याचे उत्तर त्याच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारने तर कुंडलला तुफान सेनेचे शिक्षण सुरू करून, गावोगाव न्यायदान मंडळे बसवून बंदोबस्त आणि न्याय यांची पर्यायी व्यवस्थाच उभी केली. तीही एक शाळाच होती, हे मान्य केले पाहिजे. तिच्यातून शिकलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी दरोडेखोरांचा जो बंदोबस्त केला, त्याची आठवण कृष्णाकाठी अजून आदराने काढली जाते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले आणि संस्थानच्या पोलिसांचे शिक्षण नाशिक व तत्सम सरकारी केंद्रांकडे गेले. मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने संपले; १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील तेवढा राहिला, परंतु वतनदार म्हणून नव्हे, तर सरकारने नेमलेला म्हणून. म्हणजे पाटील शाळा निघाल्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने तिचे अर्धे राहिलेले काम पुरे झाले. आज प्रांताधिकारी पोलीस पाटलाची निवड करतात. दहावी उत्तीर्ण, त्याच गावचा रहिवासी, वय पंचवीस ते पंचेचाळीस, लेखी परीक्षेला ऐंशी व तोंडीला वीस गुण, आणि स्त्रियांसाठी राखीव जागा. ज्या चावडीवर स्त्रीने पाऊल ठेवणेही एके काळी अप्रशस्त मानले जाई, तेथे आज स्त्री पोलीस पाटील पंचनामा करते, हे पाहून मला अतिशय समाधान वाटते.

परंतु निवड चोख झाली आणि शिक्षण उणे पडले, असे आता उलट चित्र दिसते. नेमणुकीनंतर मिळणारे प्रशिक्षण अल्पमुदतीचे असते, आणि काम मात्र वाढतच आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठच्या गावांना वेळेवर हलविण्यासाठी सर्वांत आधी धावावे लागले ते पोलीस पाटलांना. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. अकस्मात मृत्यूच्या चौकशीचे १७४ वे कलम आता १९४ वे झाले, पोलिसांपुढील कबुलीविषयीचा नियम नव्या साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमात गेला, आणि झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करणे पोलिसांना बंधनकारक झाले. पंच म्हणून गावातील माणसे बोलावणाऱ्याला, पहिली वर्दी देणाऱ्याला, पोलीस येईपर्यंत घटनास्थळ राखणाऱ्याला हे सारे ठाऊक असावयास नको काय? कोल्हापुरात १९६२ पासून विद्यापीठ आहे, जुने विधी महाविद्यालय आहे, निवृत्त फौजदार आणि निष्णात वकील आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस वर्ग भरवावा; कायदा वकिलाने, पंचनामा निवृत्त तपासी अंमलदाराने, मृतदेहाची व जखमांची प्राथमिक ओळख सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरने शिकवावी; वर्षाअखेर प्रत्येक पाटलाने प्रत्यक्ष जागेवर एक नमुन्याचा पंचनामा लिहून दाखवावा आणि तो न्यायालयात टिकेल असा आहे की नाही, हे न्यायदानाचा अनुभव असलेल्या एखाद्या निवृत्त न्यायाधीशाने तपासावे. या वर्गांची जुळणी करण्यासाठी विद्यापीठाने एक स्वतंत्र समन्वयक नेमला, तर पहिली तुकडी करवीर तालुक्यातूनच घेता येईल.