सुई कुणाचं ऐकते?

तुमच्या खिशात शाळेच्या प्रयोगपेटीतलं होकायंत्र आहे आणि पायांखाली उज्जैनमधली क्षिप्राकाठची जमीन. साल १७३० च्या आगेमागे. सवाई जयसिंह इथं वेधशाळा उभारतोय. शिंद्यांची राजधानी या गावात अजून यायची आहे. सम्राट यंत्राची भिंत कमरेएवढी चढली आहे. तिचा उतार उज्जैनच्या अक्षांशाइतका, २३ अंश १० कला हवा आणि रोख नेमका उत्तरेला.

तुम्ही होकायंत्र पुढं करता. सुई डुलते, थांबते. गवंड्यांजवळ उकिडवा बसलेला ज्योतिषी ती निरखतो आणि मान हलवतो. त्याची रीत जुनी: सपाट जमिनीवर वर्तुळ, मधोमध शंकू. सकाळी सावलीचं टोक आखडत वर्तुळावर येतं तिथं एक खूण. दुपारनंतर ते लांबत पुन्हा वर्तुळ गाठतं तिथं दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, तिच्यावर लंब काढला की उत्तर.

त्याचं बरोबर आहे. शंकूची उत्तर पृथ्वीच्या फिरण्याच्या आसाची; सुईची उत्तर पृथ्वीच्या चुंबकत्वाची. दोन्ही क्वचितच जुळतात आणि सुईची उत्तर वर्षागणिक सरकत राहते. पाठ्यपुस्तकात पृथ्वीच्या पोटात एक पट्टीचुंबक काढलेला असतो. तसा चुंबक तिथं नाही. तिथं वितळलेलं लोखंड घुसळतंय आणि त्यात विद्युतधारा वाहताहेत. पण हे ज्योतिष्याला कसं सांगणार? धारेचं आणि सुईचं नातं उलगडायला अजून नव्वद वर्षं आहेत.

१८२०, कोपनहेगन. हान्स ख्रिश्चन ओरस्टेडच्या टेबलापाशी थोडंच थांबा. उत्तर-दक्षिण ताणलेली तार, खाली सुई. धारा सुरू झाली की सुई बाजूला वळते. बॅटरीची टोकं उलटी जोडली की विरुद्ध बाजूला. अकरा वर्षांनी मायकेल फॅरेडेनं दुसरी बाजू दाखवली: वेटोळ्यात चुंबक नुसता ठेवून काही होत नाही, चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तरच धारा निघते. ‘बदलत असेल तरच’ हे शब्द दहावीची मुलं उत्तरपत्रिकेत हमखास गाळतात, आणि सगळा अर्थ तर त्यांच्यातच आहे.

आता २ सप्टेंबर १८५९, मुंबईची कुलाबा वेधशाळा. इथं १८४१ पासून चुंबकीय नोंदी होताहेत. अंगावर लोखंडाचं काही नाही ना, हे बघूनच तुम्हाला आत घेतलंय. खोलीत वाऱ्याची झुळूकही येऊ द्यायची नाही, कारण चुंबक धाग्याला टांगलेला आहे. निरीक्षक दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचतो, लिहितो, पुन्हा डोळा लावतो. दुपार व्हायला अवकाश आहे आणि आकडा घसरत चाललाय. आडवं क्षेत्र एरवी दिवसभरात शंभर नॅनोटेस्लाच्या आतच हलतं; आज ते सुमारे १६०० नं उतरलंय, म्हणजे जवळजवळ चार टक्के. हात न लागता.

आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टननं सूर्यावरच्या डागांपाशी प्रखर झळाळी पाहिली होती. तिथून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट अठरा तासांच्या आत पृथ्वीवर येऊन आदळला. त्यामुळे पृथ्वीभोवती अवकाशात प्रचंड धारा वाहू लागल्या, आणि त्यांचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राविरुद्ध पडल्यानं कुलाब्याचा आकडा खाली आला. हा ओरस्टेड. त्याच वादळात अमेरिकेत बॉस्टन-पोर्टलंड मार्गावरच्या तारबाबूंनी बॅटऱ्या सोडवल्या आणि बदलत्या क्षेत्रानं तारेत उपजलेल्या धारेवरच संदेश पाठवले. हा फॅरेडे. सबंध धडा एका दिवसात.

सुईला सूर्याइतकीच जवळची ट्रामही हलवते. मुंबईत १९०७ मध्ये विजेच्या ट्राम धावू लागल्या. रुळांतून परतणारी धारा जमिनीत झिरपणार आणि नोंदी नासणार, हे आधीच ओळखून कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय नोंदींचं काम अलिबागला हलवलं. १९०४ पासून तिथं नोंदी आहेत. दोन्हीकडचे आकडे जुळवता यावेत म्हणून काही काळ दोन्ही ठिकाणी मोजणी चालू ठेवली. मला या माणसाच्या शिस्तीचा फार आदर वाटतो.

परत उज्जैन. १९२३ मध्ये गोविंद सदाशिव आपटे यांच्या पुढाकारानं आणि माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं जयसिंहाच्या वेधशाळेची डागडुजी होते. १९७५ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था याच शहरात चुंबकीय वेधशाळा सुरू करते, कारण वातावरणाच्या वरच्या थरातल्या धारा अक्षांशागणिक वेगळ्या असतात आणि एकट्या अलिबागवरून त्यांचा अंदाज येत नाही. इथलं एकूण क्षेत्र साधारण ४५ हजार नॅनोटेस्ला. फ्रिजवर चिकटवायचा साधा चुंबकही याहून कितीतरी पट जोरकस असतो. म्हणून तर मोजताना इतकं सोवळं पाळावं लागतं.

१८५९ च्या वादळाचा जोर ठरवताना जगभरचे संशोधक आजही कुलाब्याचे ते आकडे वापरतात. आपल्या मुलांना मात्र धड्यात फक्त उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम भेटतो. त्या नियमाशेजारी कुलाब्याच्या त्या दिवसाचा आलेख छापायलाच हवा.