दुहेरीतील दुसरा

कोल्हापूरच्या क्रीडास्मृतीत मोठा असतो तो एकट्याने कुस्ती मारणारा मल्ल. जोडीने मिळवलेल्या यशाची नोंद इतिहास कशी घेतो? १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत टेनिसच्या पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक गौरव नाटेकर आणि लिएंडर पेस यांनी जिंकले. १९९६मध्ये नाटेकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी पेस यांनी अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरीचे कांस्यपदक मिळवले. पुढे हिरोशिमा ही पेस यांच्या चरित्रातील एक ओळ ठरली आणि गौरव उरले बहुधा सांगलीत जन्मलेल्या बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांचे चिरंजीव म्हणून. दुहेरीत एकाच्या सर्व्हिसवर आलेला कमकुवत परतावा जाळ्यापाशी उभा असलेला दुसरा संपवतो. गुण दोघांचा असतो. सतत एकच चरित्रनायक शोधणाऱ्या आपल्या इतिहासलेखनाला ही वाटणी अद्याप साधलेली नाही.