लेण्याद्रीचा लेख आणि बुंददाण्याची वाट

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचें दर्शन घेतलें, कीं बहुतेक यात्रेकरू माघारीं फिरतात. हें देऊळ म्हणजे मूळचें सातवें लेणें. त्याच्या शेजारीं, सहाव्या लेण्यांत, एक सुरेख चैत्यगृह आहे आणि तेथें एक लहानसा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. कल्याण येथील हैरण्यिकाचा पुत्र सुलसदत्त यानें हें चैत्यगृह दान दिलें, एवढाच त्याचा आशय. आम्ही तो पाहून बाहेर विसांव्यास बसलों असतां सोबतच्या एका स्नेह्यांनीं थर्मासमधली कॉफी पेल्यांत ओतली आणि सहज विचारलें, "कल्याणचा माणूस येथवर आला, तर अरबस्तानची कॉफीही त्याच काळीं नाणेघाट चढून आली असेल, नाहीं का?"

प्रश्न मोठा मोहक होता. आपल्या गांवची प्रत्येक गोष्ट दोन हजार वर्षांची असावी, असें कोणास वाटत नाहीं? शिवाय अनुकूल पुरावाही बराच दिसतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत कल्याणचें नांव आहे, आणि मोख्याच्या आसपास असलेल्या मूझा या अरबी बंदराचेंही आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतील माल नाणेघाटानेंच जुन्नरास चढत असे. सारांश, वाट होती, वारा होता, गलबतें होतीं. नव्हती ती फक्त कॉफी! कॉफी पिण्याचा पहिला भरंवशाचा पुरावा पंधराव्या शतकांतील, येमेनच्या सूफी साधूंमधला आहे. रात्रीच्या भजनांत झोप येऊं नये, म्हणून ते ती पीत. सुलसदत्ताच्या आणि त्यांच्या मध्यें हजारांहून अधिक वर्षांचें अंतर आहे. तेव्हां आमच्या स्नेह्यांचें अनुमान सोडून देणेंच प्राप्त झालें.

परंतु अनुमान सुटलें, तरी ती वाट सुटत नाहीं. सतराव्या शतकांत मोखा आणि सुरत यांच्यामध्यें कॉफीचा व्यापार चांगलाच चालूं होता. जहांगीराच्या दरबारीं आलेल्या सर टॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी यानें येथील लोकांच्या या पेयाची नोंद केली आहे. शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म १६३० सालीं झाला, त्यापूर्वींचीच ही गोष्ट. बाबा बुदन यांनीं मोख्याहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरांत लावल्या, ही प्रसिद्ध परंपराही त्याच शतकांतली. जुन्या मराठींत कॉफीच्या बियांस बुंद किंवा बुंददाणे म्हणत; हा शब्द अरबी 'बुन्न'वरून आलेला आहे. पुढें इंग्रजी नांवानें त्यास मागें सारलें. पण ही वस्तु आपल्याकडे प्रथम कोणत्या दिशेनें आली, हें तो शब्द एखाद्या शिलालेखासारखें सांगतो.

हे मोख्याचे दाणे तयार कसे होत? येमेनच्या डोंगरांत पाण्याचें दुर्भिक्ष. तेथें फळें धुऊन गर काढण्याची चैन परवडणारी नव्हती. लाल झालेलें फळ गरासालीसकट गच्चीवर उन्हांत पसरावें, खडखडीत वाळूं द्यावें आणि मग जात्यानें टरफल काढावें, एवढीच ती रीत. जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांत महादेव कोळी बांधव बाळहिरडा वाळवतात, त्यांस ती समजावून सांगावी लागणार नाहीं. दोन-चार आठवडे गराच्या सहवासांत वाळतांना फळ थोडें आंबतें आणि दाण्यास फळाचा, क्वचित् द्राक्षासवासारखा गंध येतो. अंग जड होतें, आंबटपणा मंदावतो. वाळवणांत हयगय झाली, तर मात्र बुरशी लागून सारा माल वाया जातो. पुढें मुबलक पाणी असलेल्या मळ्यांत फळें धुण्याची रीत आली आणि जुन्या रीतीचा माल हलका समजला जाऊं लागला. दक्षिणेच्या बाजारांत त्यास अजून 'चेरी' म्हणतात.

या मालावर आणखी एक संस्कार समुद्रानें केला. मलबार किनाऱ्यावरून शिडाचें जहाज आफ्रिकेस वळसा घालून युरोपास पोंचावयास महिनेच्या महिने लागत. खाऱ्या, दमट हवेनें दाणे फुगत, पिंवळसर होत आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ नाहींसा होई. १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास आटपला. आणि गिऱ्हाइकांस जुनी चव सांपडेना! तेव्हां किनाऱ्यावरच्या वखारींत उन्हांत वाळविलेले हेच दाणे पावसाळाभर मोकळ्या वाऱ्यावर पसरून ती चव पुन्हां घडविण्यांत येऊं लागली. 'मॉन्सून्ड मलबार' ती हीच.

पुढें या दाण्यांस एक नवा आश्रय मिळाला. लुइजी बेझेरा या मिलानच्या गृहस्थानें १९०१ सालीं एस्प्रेसो यंत्राचा हक्क नोंदविला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जिया याच्या दांड्याच्या यंत्रानें त्या पेयास दाट साय आणली. हवेच्या सुमारें नऊपट दाबानें, अर्ध्या मिनिटांत निघणाऱ्या या अर्कांत दाण्याचा आंबटपणा फार तीव्र लागतो. म्हणून जड अंगाचा, मंद आंबट, गोडसर दाणा तेथें हवा असतो, आणि तो उन्हांत वाळविलेल्या मालांत सहज मिळतो. ब्राझीलचा असा माल इटालियन मिश्रणांत मोठ्या प्रमाणावर जातो. मॉन्सून्ड मलबारही त्यांत असतो. पाण्याच्या टंचाईंतून निघालेली रीत अशी यंत्रयुगाच्या पसंतीस उतरली.

यावरून आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे, कीं चवीचा उगम केवळ झाडांत शोधूं नये. ती कोरड्या डोंगरांत, लांबच्या समुद्रांत आणि वाळवण राखणाऱ्या माणसांच्या हातांत घडते. सुलसदत्तानें आपलें आणि आपल्या बापाच्या धंद्याचें नांव दगडांत कोरविलें, म्हणून आपण तें वाचतों. त्याच्या काळीं नाणेघाट चढणाऱ्या हमालांचीं नांवें कोणी कोरलीं नाहींत, आणि गच्चीवर दिवसांतून चारदां फळें परतणाऱ्या येमेनी बायांचींही नाहींत. कॉफीस खोटें प्राचीनत्व चिकटविण्यापेक्षां त्यांची आठवण ठेवणें अधिक उचित होय. स्नेह्यांस आम्हीं हें सांगितलें, तेव्हां त्यांनीं पेला पुन्हां भरला आणि या खेपेस तो जरा सावकाश प्याले.