राणीने लपवलेली गाठ

आम्हा कवी मंडळींनी स्त्रीच्या वक्षावर शतकानुशतकं लिहिलं आहे. कुणी कलश म्हटलं, कुणी कमळ म्हटलं. संस्कृतात लिहिलं, फारसीत लिहिलं, उर्दू-मराठीतही लिहिलं. पण त्याच अवयवाला आजार झाला, की घरात त्याचं नाव घ्यायला शब्द सापडत नाही. ‘छातीत काहीतरी झालंय’, ‘तिकडे गाठ आलीय’, एवढ्यावर बोलणं थांबतं. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास म्हणजे औषधांचा आणि शस्त्रक्रियांचा इतिहास, असं आपण समजतो. पण तो या न बोलण्याचाही इतिहास आहे.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी इराणात दारयुश बादशहाचं राज्य होतं. त्याची राणी अतोसा. सम्राट सायरसची ती मुलगी. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने तिची एक हकिकत लिहून ठेवली आहे. राणीच्या स्तनावर गाठ आली. गाठ लहान होती तोवर लाजेपोटी तिने ती लपवली, कुणाजवळही बोलली नाही. पुढे गाठ फुटली, पसरू लागली, तेव्हा तिने डेमोसेडिस या ग्रीक वैद्याला बोलावलं. त्याने तिला बरं केलं. तो आजार कर्करोगच होता का, हे आज सांगता येणार नाही. पण राणी गप्प का बसली, हे मात्र हिरोडोटस स्पष्ट सांगतो. एवढ्या मोठ्या साम्राज्याची राणी, वैद्य दरबारातच, तरी तिची जीभ उचलली नाही.

त्या काळी बोलूनही फारसा उपयोग नव्हता, हेही खरंच. इजिप्तमध्ये सापडलेल्या, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय लेखात स्तनावरच्या टणक गाठींचं वर्णन आहे, आणि पुढे उपचार नाही, असं लिहिलं आहे. इ. स. १०००च्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ अबुल कासिम अल-झहरावी हा थोर शस्त्रवैद्य होऊन गेला. ‘अल-तसरीफ’ हा त्याचा तीस भागांचा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या वैद्यांनी कित्येक शतकं तो वापरला. स्तनासारख्या जागी कर्करोगाची गाठ नवी आणि लहान असेल, तर ती समूळ कापून काढता येते, असं त्याने लिहिलं. मात्र ती जुनी आणि मोठी झाली असेल तर हात लावू नये. असा रोगी आपण स्वतः कधी बरा करू शकलो नाही आणि दुसऱ्या कुणी केलेला पाहिला नाही, हेही त्याने लिहून ठेवलं. किती प्रामाणिक माणूस! ‘लवकर या’ हा आजच्या डॉक्टरांचा निरोप त्याच्या लिखाणात हजार वर्षांपूर्वीच आहे.

पण यायचं म्हणजे कशाला सामोरं जायचं? फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकार पॅरिसमध्ये राहत होती. ३० सप्टेंबर १८११ रोजी तिचा स्तन कापून काढला. शस्त्रवैद्य होते नेपोलियनच्या सैन्यातले नामांकित लारे. भूल देण्याची विद्या अजून यायची होती. ईथरची भूल आली १८४६ मध्ये. बर्नीला थोडं मद्य दिलं आणि तोंडावर पातळ रुमाल टाकला. त्या रुमालातून तिला पात्याची चमक दिसत होती. पुढे कित्येक महिने लागून तिने बहिणीला पत्रातून हे सारं कळवलं. नंतर ती २८ वर्षं जगली. एका बाईने आपल्या शरीराविषयी इतक्या उघडपणे लिहिलेलं तोवर क्वचितच सापडतं.

भूल आली, जंतुनाशकं आली, शस्त्रक्रिया वाढल्या. १८८०च्या दशकापासून अमेरिकेतल्या हॉलस्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढायला सुरुवात केली. जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षं हीच पद्धत चालली. बायका वाचत, पण छाती खड्ड्यासारखी होई, हात सुजे. मग गाठ लागली तरी बाईने ती लपवली, यात तिला दोष कसा द्यायचा?

हे चित्र पालटलं १९७०च्या दशकात. इटलीत व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी बायकांचे गट करून तुलना केली. गाठ लहान असेल तर तेवढीच काढून किरणोपचार दिले, तरी संपूर्ण स्तन काढलेल्या बायकांइतक्याच या बायका जगतात, असं दिसलं. २००२ मध्ये दोघांचेही वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हाही हेच खरं ठरलं. म्हणजे लवकर आलेल्या बाईचा जीव तर वाचतोच, बहुतेक वेळा स्तनही वाचतो. भीतीचं सर्वांत मोठं कारण इथे संपायला हवं होतं.

त्याच दशकात आणखी एक गोष्ट घडली. १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या नेहमीच्या तपासणीत गाठ सापडली आणि सप्टेंबरअखेर त्यांची शस्त्रक्रिया झाली. त्यांनी ते लपवलं नाही, जगाला सांगितलं. त्यानंतर अमेरिकेत तपासणीसाठी बायकांच्या रांगा लागल्या. त्यांतल्या कित्येकींना आपल्याला गाठ आहे हे तोवर ठाऊकच नव्हतं. बेटी फोर्ड २०११ पर्यंत, वयाच्या ९३ व्या वर्षापर्यंत जगल्या.

माझी खाला मात्र त्याच काळात गेली. तालुक्याच्या गावी राहायची. अंघोळ करताना तिला गाठ लागली होती. दुखत नव्हती, म्हणून तिने दुर्लक्ष केलं. नंतर वाढली तेव्हा ओढणी पुढे ओढून घेऊ लागली. अम्मीला कळलं ते जखमेचा वास येऊ लागल्यावर. अम्मीने विचारलं, डॉक्टरकडे का गेली नाहीस? खाला म्हणाली, ‘मर्द डाक्टर कू क्या बताने का?’ गावात बाई डॉक्टर नव्हती. गरज असेल तर पुरुष डॉक्टरकडूनही तपासून घ्यायला आमच्या धर्माची मनाई नाही, हे मला फार पुढे वाचून कळलं. खालाला ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि ही फक्त आमच्याच घरातली गोष्ट नाही. शेजारच्या काकूंनीही असंच लपवलं. त्यांच्या अंगावर ओढणीच्या जागी पदर होता, एवढाच फरक.

म्हणून मुंबईत झालेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. परळचं टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून या रुग्णालयाची कल्पना निघाली. याच रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठी पाहणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया तिच्यात होत्या. त्यांचे दोन गट केले. एका गटातल्या बायकांची, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. महागडं यंत्र नाही, मॅमोग्राफी नाही. बाईने बाईशी बोलायचं, माहिती द्यायची आणि बोटांनी तपासायचं.

वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार पुढच्या टप्प्यात गेल्यावर सापडण्याचं प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के होतं, तपासणीच्या गटात ३७ टक्के. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र मृत्यूंत घट दिसली नाही, हेही त्या डॉक्टरांनी झाकून ठेवलं नाही. मला त्यात झहरावीचाच प्रामाणिकपणा दिसतो.

याआधी चीनमधल्या शांघायमध्येही एक प्रयोग झाला होता. कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून अधिक कामगार स्त्रियांमधल्या निम्म्या जणींना स्वतःची तपासणी नियमित कशी करायची, ते शिकवलं. २००२ मध्ये निष्कर्ष आला, की नुसत्या त्या शिकवणीने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आज डॉक्टर तपासणीच्या कर्मकांडापेक्षा आपलं शरीर ओळखण्यावर भर देतात. नेहमीपेक्षा काही वेगळं दिसलं, तर थांबायचं नाही. स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, त्वचेवर खळगा, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून रक्त येणं, यांपैकी काहीही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावं. ‘सुई लावली की रोग पसरतो’ ही समजूत खोटी आहे. हा आजार हमखास टाळण्याचा उपाय नाही. वजन आटोक्यात ठेवणं, चालतं-फिरतं राहणं, दारूपासून दूर राहणं, बाळाला अंगावर पाजणं यांनी धोका कमी होतो, इतकंच.

२०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार होतो आणि ९८ हजारांच्या आसपास दगावतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशीपुढच्या स्त्रियांच्या तपासणीचा आराखडा आखला. त्यात स्तनांची तपासणीही आहे. आरोग्य केंद्रात चौकशी करायला पैसे लागत नाहीत. आशाताई दारात आली, तर तिला पाणी विचारा आणि तिचं ऐकूनही घ्या.

आणि घरातल्या पुरुषांनो, तुम्हीही. माझ्या खालूंना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की बायकोने आपल्याला सांगायला हवं होतं. आपण तिला कधी विचारलं का, हा प्रश्न त्यांना पडला तोवर ती गेली होती. आज रविवार आहे, घरी सगळे आहात. आईला, बहिणीला, बायकोला एकदा विचारा, ‘तपासून घेतलंस का?’ पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळेल. अडखळू द्या, पण विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)