दुसरीच्या वर्गाचा इतिहास

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा विद्यापीठे, महाविद्यालये, शिक्षणविषयक अधिनियम आणि थोर पुरुषांची चरित्रे यांवरच स्थिरावलेली असते. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 1862 साली तेथून पहिले पदवीधर बाहेर पडले, हे आपण आवर्जून सांगतो. परंतु सात वर्षांचे मूल ज्या वर्गात बसून जोडाक्षरे वाचू लागते, हातच्याची बेरीज करू लागते आणि ऐकलेले वाक्य आपल्या हाताने लिहून काढू लागते, त्या दुसऱ्या इयत्तेचा इतिहास लिहावा असे फारसे कोणास वाटलेले दिसत नाही. ही उपेक्षा मला अनुचित वाटते. उच्च शिक्षणाचा अभ्यासक्रम मूठभरांच्या गरजेने ठरत असतो. दुसरीत काय शिकवावे हे ठरविताना मात्र प्रत्येक मनुष्यास निदान काय आलेच पाहिजे, या प्रश्नाचे उत्तर समाजाला द्यावे लागते, आणि ते उत्तर गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा पालटलेले आहे.

पेशवाईच्या अखेरीस गावोगावी पंतोजींच्या ज्या शाळा चालत, त्यांत दुसरी इयत्ता नव्हती. किंबहुना कोणतीच इयत्ता नव्हती. देवळाच्या ओवरीत, एखाद्या वाड्याच्या पडवीत किंवा पंतोजींच्याच घरी पंधरावीस मुले एकत्र बसत. ज्याचे जेवढे झाले असेल तेथून पुढे त्याचे चालू होई, आणि मुलाचे शिक्षण किती झाले हे त्याच्या वयावरून किंवा वर्गावरून न ठरता त्याला किती पाढे येतात आणि त्याचे अक्षर जमाखर्चाच्या कामी चालण्याजोगे झाले की नाही यावरून ठरे. प्रारंभी फळीवर धूळ किंवा विटकरीची पूड पसरून तीत काडीने धुळाक्षरे गिरवावयाची, हात बसला म्हणजे बोरू आणि शाई हाती घ्यावयाची, कित्त्यावर कित्ता काढावयाचा, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून एका सुरात परवचा म्हणावयाचा, असा तो क्रम होता. छापील पुस्तक तेथे नव्हतेच. पंतोजींची मिळकत धान्य, सणावारांचा शिधा आणि पालकांच्या ऐपतीप्रमाणे मिळणारे किरकोळ द्रव्य एवढीच असे, आणि शिक्षेचे प्रकार मात्र कठोर असत. या शाळांचे गुणगान करण्याची जी एक प्रवृत्ती अलीकडे आढळते ती मला मान्य नाही, कारण तेथे मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना ओवरीची पायरीही चढता येत नव्हती. तथापि, मोठ्या मुलाने लहान मुलाला शिकवावे ही तेथील सहज रीत उपेक्षणीय नव्हती. अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासेत मुले वाळूत अक्षरे काढतात आणि एकमेकांस शिकवितात हे पाहून त्यावर 1797 साली इंग्लंडात पुस्तक प्रसिद्ध केले. बेल व लँकेस्टर यांच्या नावाने तीच रीत तेथे रूढ झाली आणि पुढे एक सुधारलेली विलायती पद्धती म्हणून मुंबई इलाख्यातील शाळांत ती परत आली.

1818 साली राज्य गेले. नव्या अंमलात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा मुंबईचा गव्हर्नर असताना देशी भाषांत शालोपयोगी पुस्तके तयार करण्यासाठी मुंबईत एक मंडळी उभी राहिली, जी पुढे बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्ध झाली. या मंडळीच्या समितीने 1823 साली एतद्देशीय शिक्षणाच्या स्थितीची चौकशी करून जी व्यंगे दाखविली त्यांत पुस्तकांचा अभाव हे पहिले होते. सुलभ अध्यापनपद्धती नसणे, लायक शिक्षक नसणे आणि पैसा नसणे ही त्यामागोमाग येत होती. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली 24 शिक्षक तयार करून 1826 च्या सुमारास ते दख्खन, कोकण आणि गुजरातेत पाठविण्यात आले. त्याच दशकाच्या अखेरीस सरकारने करविलेल्या गणतीत इलाख्यातील एतद्देशीय शाळांची संख्या 1,700 च्या आसपास आणि त्यांतील मुलांची 35,000 च्या आसपास भरली, म्हणजे शाळेमागे सरासरी वीस मुले. त्या अफाट मुलुखात चोवीस शिक्षक ही संख्या क्षुल्लक वाटेल; परंतु त्यांच्याबरोबर गावात जी वस्तू प्रथमच शिरली ती छापील पुस्तक ही होय. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' 1828 साली निघाले, आणि मुलांना उद्देशून लिहिलेले, मुलांच्या जगातल्या गोष्टी सांगणारे मराठी गद्य आपल्या भाषेत अवतरले. तोपर्यंत मुलगा जे पाठ करी ते सारे मोठ्यांच्या उपयोगाचे असे.

मुंबई इलाख्याचे शिक्षणखाते 1855 साली स्थापन झाले, आणि दुसरी इयत्ता ही याच खात्याची निर्मिती होय. सरकारी तिजोरीतून पैसा द्यावयाचा तर त्याचा मोबदला मोजता आला पाहिजे, हा महसुली न्याय शिक्षणालाही लागू झाला. अभ्यासाचे वर्षावार तुकडे पडले, प्रथम बिगरी, मग पहिली, मग दुसरी अशी उतरंड ठरली, प्रत्येक इयत्तेचे पुस्तक नेमले गेले, हजेरीपट आला, आणि वर्षातून एकदा तपासणीसाठी येणाऱ्या डिपोटीसाहेबांच्या नुसत्या वार्तेने गुरुजींपासून पट्टेवाल्यापर्यंत सर्वांची धांदल उडू लागली. या व्यवस्थेचा जाच मुलांनी पुष्कळ सोसला हे खरे. पण तिच्यामुळे दुसरीच्या वर्गात एक मोठे स्थित्यंतर घडले, ते असे की कंठाने शिकणारे मूल डोळ्यांनी शिकू लागले. पंतोजींच्या शाळेत विद्या कानांतून शिरून मुखावाटे बाहेर पडत असे. आता मजकूर समोर ठेवलेला, आणि तो न अडखळता वाचून त्याचा अर्थ सांगावयाचा. मेजर थॉमस कँडी याने 1850 साली 'विरामचिन्हांची परिभाषा' प्रसिद्ध केली होती, आणि त्याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या क्रमिक पुस्तकांनी स्वल्पविराम, पूर्णविराम व प्रश्नचिन्ह ही मराठी वाक्यात कायमची बसविली. बखरीतली अखंड वाहणारी ओळ वाचताना कोठे थांबावे हे वाचणाऱ्याच्या मुरब्बीपणावर अवलंबून असे. सात वर्षांच्या मुलापाशी तो मुरब्बीपणा असणार कोठून? त्याला ती लहानशी चिन्हे फार उपकारक झाली.

या वर्गात बसावयाचे कोणी, हा प्रश्न मात्र अधिक कठीण होता, आणि येथे इतिहास लिहिणाऱ्याला शांत राहणे अवघड जाते. खाते स्थापन होऊन फार काळ लोटला नव्हता तोच, 1856 साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यात आला. एका मुलाकरिता इतरांचे पूर्वग्रह दुखवून शाळेचा उपयोग घालवू नये, असे मुंबई सरकारने ठरविले. ज्योतीराव फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठीही काढली, त्यामागे हाच अन्याय होता. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, आणि प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्य यांवरील काही पाठ असावेत असे सुचविले. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत शेतीविषयी काही कळावे, हे त्या काळी सुचणे हीच केवढी दृष्टी! त्यानंतरच्या पिढीत भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी साताऱ्यात शिकत असताना कोपऱ्यात वेगळा बसे, त्याच्या बसण्याचे गोणपाट त्याला घरून आणावे व घरी न्यावे लागे, आणि शाळेचा पट्टेवाला नळ सोडण्यास हजर नसेल तर त्या दिवशी त्याला पाण्यावाचून राहावे लागे. आपल्या क्रमिक पुस्तकांतील नीतीचे पाठ त्याच खोलीत मोठ्याने वाचले जात होते.

सक्तीचा अंमल प्रथम केला तो संस्थानिकांनी. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यातील काही गावांत प्रयोग करून 1906 साली तो सबंध राज्यास लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली हुकूम काढून मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठरविला. ब्रिटिश मुलुखात 1918 आणि 1923 चे कायदे झाले, तरी खरी सार्वत्रिक सक्ती 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमानेच विचारात घेतली गेली.

आता वर्गाच्या आत जाऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दुसरीच्या वर्गात दगडी पाटी आणि पेन्सिल आलेली असली, तरी हिशेबाचा गाभा पंतोजींच्या काळचाच होता: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. नव्या पिढीला ही नावे गूढ वाटतात, परंतु ती बाजाराने निर्माण केलेली होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, अशा चौपटीच्या मापांत पाव आणि निम्म्यावाचून व्यवहारच चालत नसे. साडेतीन आणे शेराचा गूळ अडीच शेर घेतला तर किती आणे झाले, असे विचारल्यावर औटकी पाठ असलेला मुलगा दोनाचे सात आणि निम्म्याचे पावणेदोन मिळवून पावणेनऊ हे उत्तर पाटीला हात न लावता देई. आज हाच हिशेब कागदावर मांडताना शिकलेसवरलेले लोक दशांशचिन्हाची जागा चुकवितात. या पाठांतराला घोकंपट्टी म्हणून हिणविण्याचा प्रघात पडला आहे. परंतु जे पाठांतर संध्याकाळी दुकानात उपयोगी पडते, ते अर्थशून्य कसे म्हणावे? 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी सुरू झाली, रुपयाचे शंभर नये पैसे झाले, त्यानंतर शेर व मण जाऊन किलोग्रॅम आले, आणि हे सारे पाढे थोड्याच वर्षांत अंतर्धान पावले. त्यांना शिक्षणशास्त्राने हद्दपार केले असा समज आहे, तो चुकीचा आहे. नाणी आणि वजने बदलली म्हणून ते गेले.

मोडीचेही त्याच सुमारास तसेच झाले. कुलकर्ण्यांची दप्तरे, सावकारांची खाती, घरगुती पत्रे हे सारे ज्या लिपीत होते ती प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमातून स्वातंत्र्यानंतरच्या काळात वगळली गेली. बालबोध एकच लिपी ठेवल्याने मुलांचा भार हलका झाला, यात संशय नाही. परंतु 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली दप्तरे व शाळांची जुनी प्रवेशपुस्तके धुंडाळताना जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. जी लिपी एके काळी खेड्यातल्या मुलाच्या बोटांत होती, तिच्यासाठी आता तज्ज्ञ बोलवावे लागतात.

हाताने शिकावे हा विचार दुसरीच्या वर्गात आला तो 1937 च्या वर्धा परिषदेनंतर, गांधीजींच्या मूलोद्योगी शिक्षणातून. काही शाळांत मुले टकळीवर सूत काढू लागली, बागेत वाफे करू लागली. शिक्षक त्यासाठी तयार झालेले नव्हते, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी सूत तुटके निघाले आणि योजना मंदावली. ताराबाई मोडक यांचे कार्य मला याहून अधिक मोलाचे वाटते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी 1945 साली बोर्डीस आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, वारली मुलांची शाळा चालविली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे दिसताच शिक्षकानेच कुरणात जावे असे त्यांनी ठरविले, आणि कुरणशाळा सुरू झाली. तेथे मोजावयास बिया आणि खडे होते, ओळखण्यास पाने आणि पक्षी होते. मुलाने शाळेसाठी आपले जगणे सोडावे अशी अपेक्षा नव्हती. भाऊराव पाटलांच्या व्हॉलंटरी शाळांनीही, सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांवर एकच गुरुजी आणि एकच खोली या स्थितीत, चार भिंतींकडे तोंड करून चार इयत्ता बसविल्या. त्या दाटीत दुसरीचे मूल तिसरीचा धडा ऐकतच मोठे होई, आणि पंतोजींच्या शाळेतील तो जुना लाभ त्याला आपोआप मिळे.

पुस्तकांच्या बाबतीत आचार्य अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेने स्वातंत्र्यापूर्वीच रुक्ष उपदेशाची परंपरा मोडली होती. 1967 साली बालभारतीची स्थापना झाल्यावर राज्यातील बहुसंख्य मुलांच्या हाती एकच पुस्तक आले. याच संस्थेच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून 2019 साली मोठे वादळ उठले. एकवीस, बासष्ट, सत्त्याण्णव या संख्यानामांबरोबर वीस एक, साठ दोन, नव्वद सात अशी वाचण्याची पर्यायी रीत त्यात दिली होती. विधिमंडळात चर्चा झाली, वृत्तपत्रांत विडंबने आली, भाषेचा ऱ्हास झाल्याचा आक्रोश झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे इतकेच होते की मराठीत संख्या उच्चारताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी येतो, त्यात पुन्हा जोडाक्षरांची अडचण, आणि म्हणून त्रेसष्ट ऐकून छत्तीस लिहिणारी मुले गणिताला भिऊ लागतात. दुसरीच्या वर्गावर ज्याने एक दिवस जरी शिकविले असेल त्याला हे निरीक्षण अचूक आहे हे पटेल. जुनी नावे मला प्रिय आहेत. त्यांत शतकांचा उच्चार मुरलेला आहे, आणि ती जावीत असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु घरी परवचा म्हणवून घेणारे आजोबा ज्या मुलाला लाभले त्याच्यासाठी ती सोपी आहेत. उसाच्या फडाबरोबर गाव बदलणाऱ्या, घरी निराळी बोली बोलणाऱ्या मुलासाठी ती तितकी सोपी नाहीत, आणि पुस्तक दोघांच्याही हाती पडते. त्या पुस्तकाने जुनी रीत काढून टाकली नव्हती. एकवीस आणि वीस एक ही दोन्ही तेथे शेजारी शेजारी छापलेली होती. गदारोळात सामील झालेल्या किती जणांनी ते पान उघडून पाहिले होते, असा प्रश्न तेव्हाही मला पडला होता आणि आजही पडतो.