नादाची जात कशात असते? एका घरगुती गिटारचा इतिहास



गिटारवर बोलायला तत्त्वज्ञानाचा माणूस कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण एखाद्या वस्तूचा गुण त्या वस्तूत नेमका कुठे असतो, हा प्रश्न आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवत आलो, आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी मंडळी तो रोज विचारतात. ‘टोन’ कशात आहे? लाकडात, पिकअपमध्ये, की किमतीत? आपल्या संगीतशास्त्रात याला नादाची जात म्हणतात. स्वर तोच, पण तो सतारीचा की सनईचा हे जिच्यामुळे कळतं, ती.

हा प्रश्न हवेत सोडवण्यात अर्थ नाही. म्हणून आज एकच वाद्य समोर ठेवू: क्वीन या इंग्लिश बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांची ‘रेड स्पेशल’. क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले, त्यामुळे हे नाव आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहेच.

१९६३ साली ब्रायन सोळा वर्षांचा होता. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम इथे घर, आणि घरची परिस्थिती बेताची. फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखी गिटार विकत घेणं शक्य नव्हतं. वडील हॅरल्ड मे ड्राफ्ट्समन होते, इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते, आणि हाताने वस्तू बनवणं हा त्यांचा स्वभावच होता. बापलेकांनी ठरवलं, गिटार घरीच करायची. सुमारे दोन वर्षं हे काम चाललं.

सामान कुठलं, तर मिळेल ते! गिटारची मान जुन्या फायरप्लेसच्या महोगनी लाकडातून कोरली. त्याला किडीची भोकं होती, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. धडासाठी जुन्या टेबलाचं ओक आणि साधं ब्लॉकबोर्ड, वरून महोगनीचा पातळ थर. पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. कंपदांडीच्या स्प्रिंगा १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या, दांडी सायकलच्या खोगीरपिशवीच्या आधाराची, आणि तिचं टोक विणकामाच्या सुईचं. एकूण खर्च सुमारे ८ पौंड.

इथे ‘जुगाड’ हा शब्द ओठांवर येतो. आमचं म्हणणं असं की तो इथे लावू नये. जुगाडात काम भागवायचं असतं. इथे सामान भंगारातलं होतं, पण विचार भंगारातला नव्हता.

आधी वाजवण्याची सोय पाहू. सतारीला पडदे असतात तसे गिटारला फ्रेट असतात, फक्त ते हलवता येत नाहीत. एकदा बसवताना चूक झाली की वाद्य कायमचं बेसूर. तारेची लांबी इथे २४ इंच धरली, स्ट्रॅटोकास्टरच्या साडेपंचवीसपेक्षा कमी. जाडी आणि स्वर तेच ठेवून तार आखूड केली की ताण कमी लागतो, आणि बोटाने तार ओढून मींड घेणं सोपं जातं. फ्रेट २४, म्हणजे पूर्ण दोन सप्तकं. बाराव्या फ्रेटशी तार बरोबर निम्मी होते आणि चोविसाव्याशी एक चतुर्थांश उरते. मधल्या प्रत्येक फ्रेटची जागा गणिताने काढावी लागते.

दुसरी अडचण कंपदांडीची. दांडी दाबली की सगळ्या तारा सैल होतात आणि स्वर खाली हेलकावतो. पण सोडल्यावर तारा मूळ सुरात परतल्या पाहिजेत, आणि घोडं अडतं ते घर्षणापाशी. म्हणून कंपयंत्रणा सुरीसारख्या धारेवर तोलली, प्रयोगशाळेतला तराजू तोलतात तशी. घोडीवर तारांखाली छोटे रूळ बसवले. खुंट्यांकडे जाणाऱ्या तारा सरळ रेषेत ठेवल्या. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारला: तार अडकते कुठे?

आता नादाची जात. ब्रायनने पिकअपसुद्धा आधी घरीच केले, चुंबकांभोवती तार गुंडाळून. ते वाजले, पण मींड घेताना चमत्कारिक आवाज यायचा, कारण चुंबकांच्या ध्रुवांची मांडणी सोयीची नव्हती. तेव्हा बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणले, आणि त्यांच्यात अ‍ॅराल्डाइट भरलं, म्हणजे आतले भाग थरथरून किंचाळणार नाहीत. म्हणजे टोनचा जो गाभा म्हणतात, तो बाजारातला होता! मग वेगळं काय केलं? जोडणी. बहुतेक गिटारांत पिकअप समांतर जोडलेले असतात. इथे ते एकसर जोडले, त्यामुळे त्यांचे विद्युतदाब एकमेकांत मिळवले जातात आणि आवाज भरदार होतो. शिवाय प्रत्येक पिकअपला दोन बटणं दिली: एक चालू-बंदचं, दुसरं फेज उलटवण्याचं. दोन पिकअप उलट फेजमध्ये लावले की बरेच सूर एकमेकांना खोडतात आणि उरतो तो बारीक, अनुनासिक, धारदार आवाज. धड आतून काहीसं पोकळ ठेवलं, म्हणजे अँप्लिफायरसमोर उभं राहिलं की स्पीकरच्या आवाजाने तार पुन्हा थरथरावी आणि स्वर लांबत जावा.

आपले नैयायिक इथे आठवतात. कापडाचं कारण काय? धागे हे समवायी कारण. विणकर आणि माग ही निमित्त कारणं. पण ते तिसरंही एक कारण सांगतात, असमवायी: धाग्यांचा एकमेकांशी झालेला संयोग. ढीगभर धागे म्हणजे कापड नव्हे. आम्हाला वाटतं, टोनच्या बहुतेक वादांत लोक धागे मोजत बसतात आणि संयोग विसरतात. रेड स्पेशलचा टोन महोगनीतही सापडत नाही आणि एकट्या चुंबकातही नाही. तो जोडणीत आहे, आणि ती जोडणी पुढे व्हॉक्स एसी-३० अँप्लिफायरपर्यंत, आणि मे नखीऐवजी सहा पेन्सचं जे नाणं वापरतात त्याच्या दातेरी कडेपर्यंत जाते. वाजवणारा हातही त्यात आला.

पण न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत ‘प्रयोजन’ही आहे: कशासाठी? आणि इथेच या घरात ठिणगी पडली. ब्रायनने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये खगोलभौतिकीत पीएच.डी.चं काम सुरू केलं, आणि १९७४ च्या सुमारास ते बाजूला ठेवून पूर्णवेळ बँड धरला. ज्या वडिलांनी ही गिटार घडवायला हात दिला, त्यांनाच मुलाने तिच्यावर पोट भरावं हे मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी शिक्षण वाया चाललं होतं. दुरावा बराच काळ टिकला. पुढे मुलाने त्यांना काँकॉर्ड विमानाने न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम दाखवला. आता कळलं, असं वडील म्हणाल्याचं मे सांगतात.

हॅरल्ड मे १९८८ साली गेले. मुलाने राहिलेली पीएच.डी. २००७ साली पूर्ण केली, सूर्यमालेतल्या धुळीवर. गिटार अजून वाजते. १९९८ मध्ये तिची मोठी दुरुस्ती झाली, आणि २००२ साली राणीच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर तिच्यावरच राष्ट्रगीत वाजलं.

वडिलांना त्या गिटारचा प्रत्येक स्क्रू माहीत होता. समवायी कारण त्यांनी हाताने तासलं होतं, निमित्त कारण ते स्वतःच होते. तरी वाद्य पुरतं कळायला त्यांना श्रोत्यांत बसावं लागलं. घडवणाऱ्यालाही वस्तू संपूर्ण कळते ती तिचं प्रयोजन पाहिल्यावर. आपल्या घरांत मुलं काहीतरी घडवत असतील, तर एवढं ध्यानात असू द्या.

आता प्रश्न घेऊ. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनीही जरूर विचारावेत.